नाव फुकट, भाडे दरसाल

व्यवसायासाठी एआयच्या मदतीने डोमेन शोधताना पैसे कुठे लागतात, कुठे वाचतात

समजा, डोंबिवलीतल्या एका ताई घरी भाजणी, मेतकूट आणि कुळथाचे पीठ करून विकतात. ऑर्डरी व्हॉट्सॲपवर येतात, पुड्या सोसायटीच्या वॉचमनकडे ठेवल्या जातात, सगळे छान चालले आहे. मग भाचा म्हणतो, “मावशी, आता वेबसाइट काढ.” मावशी नाव सुचवतात, भाजणीवरून काहीतरी. भाचा ते रोमन लिपीत टाइप करतो आणि दोघेही गप्प होतात. त्या लिपीत भाजणी आणि भजनी सारखेच दिसतात. पीठ घ्यायला आलेल्याला वाटणार, हे एखाद्या भजनी मंडळाचे संकेतस्थळ.

अशा वेळी हल्ली कोणीही एआयकडे वळतो. वळावेही. पण एआय नावे सुचवते, ती विकत नाही आणि ती शिल्लक आहेत की नाहीत हेही खात्रीने सांगत नाही. ही तीन कामे वेगळी ठेवली, तर पैसे वाचतात.

डोमेन विकत मिळत नाही

आपण “डोमेन घेतले” असे म्हणतो खरे, पण तो व्यवहार भाडेकराराचा आहे. एका वेळी कमीत कमी एक आणि जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी नाव आपल्याकडे राहते, पुढे नूतनीकरण करावे लागते. डॉट कॉमची नोंदवही अमेरिकेतली व्हेरिसाइन ही कंपनी सांभाळते. डॉट इन आणि देवनागरीतले डॉट भारत ‘निक्सी’कडे, म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडियाकडे आहे. आपण ज्यांच्याकडून घेतो ते रजिस्ट्रार. ते मधले विक्रेते. त्यामुळे तेच नाव चार दुकानांत चार भावांना दिसते.

एआयला काय सांगावे

“माझ्या व्यवसायाला छान नाव सुचव” एवढेच सांगितले, तर तीच ती गुळगुळीत नावे येतात. स्वाद, रुची, परंपरा यांपुढे गाडी जात नाही. ही नावे केव्हाच गेलेली असतात. त्यापेक्षा अटी घाला. ताईंसाठी प्रश्न असा लिहिता येईल:

“माझा डोंबिवलीत भाजणी, मेतकूट आणि कुळीथ पिठाचा घरगुती व्यवसाय आहे. गिऱ्हाईक मुंबई, पुणे आणि परदेशातले मराठी लोक. तीस नावे सुचव. रोमन लिपीत बारा अक्षरांपेक्षा मोठे नको. आकडा नको, मधली आडवी रेघ नको. जात्याशी, चुलीशी, डब्याशी, भाजण्याच्या वासाशी जोडलेले शब्द घे. प्रत्येक नावापुढे लोक चुकून करतील अशी दुसरी स्पेलिंगे लिही. नाव उपलब्ध आहे का, ते सांगू नकोस. ते मी तपासेन.”

शेवटचे वाक्य विसरू नका. आणि पहिल्या यादीवर थांबू नका. आवडलेली चार आणि नावडलेली चार नावे सांगून, का आवडली, का नाही, हे दोन ओळींत लिहा. दुसरी यादी पहिलीपेक्षा बरी येते, तिसरी बहुधा कामाची असते.

या कामाला पैसे लागत नाहीत. एआयची मोफत आवृत्ती पुरेशी आहे. केवळ नाव शोधायला महिन्याचे सशुल्क सदस्यत्व घेऊ नका. नावांची “खास एआय सेवा” म्हणून वेगळे पैसे मागणाऱ्यांकडे तर मुळीच जाऊ नका. अनेक रजिस्ट्रारांच्या संकेतस्थळांवर हीच सोय फुकट असते.

“उपलब्ध आहे” म्हणजे काय?

चॅटमधले एआय भाषेच्या सवयीवरून बोलते. त्याने नोंदवही उघडून पाहिलेली असेलच असे नाही. तरीही ते ठामपणे म्हणते, “हे डोमेन उपलब्ध आहे.” काही एआय इंटरनेटवर शोध घेतात, पण तिथे ते पाहतात संकेतस्थळ आहे की नाही. संकेतस्थळ नसणे आणि डोमेन मोकळे असणे यांत फरक आहे. बिल्डरने विकलेला फ्लॅट कुलूप लावून पडलेला असतो, तसेच हजारो डोमेन नोंदवलेली आणि रिकामी पडलेली असतात.

खरी तपासणी दोन ठिकाणी होते. डॉट कॉमसारख्या नावांसाठी ‘आयकॅन’ या संस्थेचे मोफत शोधपान आहे; डॉट इनसाठी निक्सीच्या नोंदवहीचे शोधपान आहे. तिथे नोंद सापडली, की नाव गेले. नोंद सापडली नाही, तर नाव बहुधा मोकळे. तरी खात्री रजिस्ट्रारच्या पानावर, पैसे भरण्याच्या पायरीपर्यंत जाऊनच होते, कारण काही नावे नोंदलेली नसतात पण राखीव किंवा महाग गटात ठेवलेली असतात.

तीस नावे एकेक करून तपासत बसू नका. एआयला सांगा, “सगळी नावे एका ओळीत एक अशी, डॉट कॉम आणि डॉट इन जोडून दे.” ती यादी उचलून रजिस्ट्रारच्या एकगठ्ठा शोधात टाका. पाच मिनिटांत कळते की तीसपैकी किती उरली.

आणखी एक सावधगिरी. २००८च्या जानेवारीत अमेरिकेतल्या नेटवर्क सोल्युशन्स या रजिस्ट्रारने लोक जी नावे शोधत होते ती स्वतःकडेच चार दिवस अडकवून ठेवायला सुरुवात केली होती, म्हणजे ग्राहकाला दुसऱ्या दुकानात जाता येऊ नये. त्यावर बराच गदारोळ झाला. तेव्हापासूनचा साधा नियम: शोधाशोध आधी, पण अंतिम नाव तपासायचे ते कार्ड हातात घेऊनच.

मराठी कानाची परीक्षा

एआय इथे सर्वांत कच्चे पडते, कारण ते नाव लिहून पाहते आणि आपले गिऱ्हाईक ते फोनवर ऐकते. मराठी शब्द रोमन लिपीत नेला की त्याला दोन-तीन चेहरे फुटतात. मेतकूटमध्ये यू की दोन ओ? वाडा डब्ल्यूने की व्हीने? आणि व्हीने लिहिला तर तो वाडा की वडा? ज्ञान लिहायला कोणी डी-एन घेतो, कोणी जी-वाय. ळ आणि ल, ण आणि न, ट आणि त यांचा तर रोमन लिपीत फरकच उरत नाही.

म्हणून पसंत पडलेली पाच नावे घ्या आणि पाच जणांना फोन करा. एक आत्या, एक अमराठी शेजारी, एक कॉलेजातला मुलगा, परदेशातले एखादे नातेवाईक आणि तुमचे नेहमीचे गिऱ्हाईक. नाव एकदाच सांगा आणि “टाइप करून पाठवा” म्हणा. पाचांपैकी चौघांनी एकच स्पेलिंग पाठवले, तर नाव पास. तिघांनी तीन पाठवली, तर नाव कितीही गोड असो, ते सोडा. नाहीतर तीनही स्पेलिंगे घ्यावी लागतील आणि भाडे तिप्पट होईल.

एआयचा एक उपयोग मात्र जरूर करा. “हे नाव जोडून लिहिले तर इंग्रजी, हिंदी, गुजराती, कन्नड वाचणाऱ्याला काही विचित्र वाचता येते का?” असे विचारा. उत्तर आले की त्या भाषेच्या माणसाला दाखवून घ्या.

पहिल्या वर्षाची मोहिनी

आता पैशांकडे येऊ. डॉट कॉमच्या प्रत्येक वर्षासाठी रजिस्ट्रारलाच व्हेरिसाइनकडे पैसे भरावे लागतात. सप्टेंबर २०२४ मध्ये हा घाऊक दर १०.२६ डॉलर झाला. डॉलर ८५ ते ९० रुपये धरला, तर हे ८७० ते ९२० रुपये होतात. मग कोणी डॉट कॉम १९९ रुपयांना देत असेल, तर तो तोटा कुठे भरून काढणार? दुसऱ्या वर्षापासून, तुमच्याकडूनच.

म्हणून भाव पाच वर्षांचा काढा. समजा, एका दुकानात पहिले वर्ष १९९ आणि पुढे दरसाल १,४९९ रुपये. पाच वर्षांचे ६,१९५. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून सुमारे ७,३१०. दुसऱ्या दुकानात कसलीही सवलत नाही, दरसाल १,०९९. पाच वर्षांचे ५,४९५. जीएसटीसह सुमारे ६,४८४. म्हणजे “स्वस्त” दुकान आठशे रुपयांनी महाग पडले. नूतनीकरणाचा दर पानावर बारीक अक्षरांत असतो. सापडला नाही तर दुकान बदला.

पैसे भरताना टोपलीत आपोआप पडलेल्या वस्तू काढून टाका. मालकाची माहिती झाकण्याची सेवा काही जण फुकट देतात, काही पैसे घेतात. सुरक्षेचे प्रमाणपत्र विकत घ्यायची गरज छोट्या व्यवसायाला सहसा नसते. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था ते मोफत देते आणि बहुतेक होस्टिंगवाले ते जोडून देतात. वेबसाइट बनवण्याची जी सोय “पहिला महिना मोफत” म्हणते, तिचा दुसरा महिना मोफत नसतो.

कोणते शेपूट घ्यावे?

गिऱ्हाईक भारतातच असेल तर डॉट इन उत्तम. बहुतेक दुकानांत ते डॉट कॉमपेक्षा स्वस्त असते. परदेशातही माल जाणार असेल तर डॉट कॉम घ्या, आणि परवडत असेल तर दोन्ही. डॉट शॉप, डॉट स्टोअर यांसारखी नवी शेपटे पहिल्या वर्षी शंभर-दोनशेत मिळतात आणि नूतनीकरणाला काही वेळा हजारांत जातात. डॉट एआय दिसायला आधुनिक, पण ते अँग्विला या कॅरिबियन बेटाचे देशनाम आहे, किमान दोन वर्षांसाठी घ्यावे लागते आणि बरेच महाग आहे. पीठ विकायला त्याची गरज नाही.

देवनागरीतले डॉट भारत २०१४ पासून मिळते. पाटीवर ते फार शोभते, आणि भाजणी-भजनीचा घोळही तिथे होत नाही. पण प्रत्येकाच्या फोनवर मराठी कळफलक नसतो आणि काही ठिकाणी हे नाव एक्स-एन ने सुरू होणाऱ्या अगम्य अक्षरांत दिसते. म्हणून ते दुसरे नाव म्हणून घ्या, एकमेव म्हणून नको.

हवे असलेले नाव कोणीतरी अडवून ठेवले असेल आणि “विकणे आहे” अशी पाटी असेल, तर हजारांपासून लाखांपर्यंत काहीही मागितले जाते. नव्या व्यवसायाने तिथून पाय काढावा. एआयला आणखी तीस नावे मागायला काही लागत नाही.

मोकळे नाव म्हणजे निर्धोक नाव नव्हे

१९९९ साली मुंबई उच्च न्यायालयात रेडिफचा खटला गाजला. दुसऱ्या कोणी एकच अक्षर बदलून ‘रॅडिफ’ असे डोमेन घेतले होते. डोमेन मोकळे होते म्हणूनच ते मिळाले होते. तरी न्यायालयाने ते वापरायला मनाई केली. पुढे २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की डोमेन नावालाही व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळू शकते.

तेव्हा पैसे भरण्याआधी सरकारच्या ट्रेडमार्क संकेतस्थळावर नाव शोधा. हा शोध मोफत आहे. पीठ आणि मसाले ३०व्या वर्गात येतात, लोणची २९व्या. उच्चार जवळ जाणारे नाव त्याच वर्गात दिसले, तर पुढे जाऊ नका. स्वतःचे नाव नोंदवायचे असेल तर व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगांना ऑनलाइन अर्जाला दर वर्गामागे ४,५०० रुपये, इतरांना ९,००० रुपये सरकारी शुल्क आहे. वकिलाची फी वेगळी. नोंदणी दहा वर्षे टिकते.

नाव कोणाच्या नावावर?

सर्वांत महाग चूक इथे होते. वेबसाइट करून देणारा मुलगा “मी घेऊन टाकतो” म्हणतो आणि डोमेन स्वतःच्या खात्यात घेतो. दोन वर्षांनी तो फोन उचलत नाही. खाते तुमच्या ईमेलवर, मोबाइल तुमचा, मालक म्हणून नाव तुमचे, पैसे तुमच्या कार्डाने, या चार गोष्टींत तडजोड नको. आणि दुकान पसंत पडले नाही तरी लगेच हलता येत नाही: डॉट कॉम घेतल्यावर पहिले साठ दिवस ते सहसा दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेता येत नाही.

मुदत चुकली तरी डॉट कॉम त्याच क्षणी जात नाही. आधी सवलतीचे दिवस मिळतात, त्यांची संख्या दुकानावर अवलंबून असते. मग तीस दिवसांचा सोडवणुकीचा काळ, त्यात नाव परत मिळते पण दंड हजारांत बसतो. शेवटचे पाच दिवस संपले की नाव पुन्हा बाजारात. कार्डाची मुदत संपल्याने आपोआप नूतनीकरण फसते, म्हणून तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयावरही लिहून ठेवा.

ताईंचे बिल

आपल्या उदाहरणातल्या ताईंनी भाजणीचा हट्ट सोडून चौघांनी एकसारखे टाइप केलेले नाव घेतले, तर पहिल्या वर्षाचा हिशेब साधारण असा:

- एआयकडून नावे: ० रुपये
- उपलब्धतेची आणि ट्रेडमार्कची तपासणी: ० रुपये
- पाच फोन: ० रुपये
- डॉट कॉम (सवलत न धरता): १,०९९ रुपये
- डॉट इन: समजा ७०० रुपये
- या दोन्हींवर जीएसटी: सुमारे ३२४ रुपये
- ट्रेडमार्कचा अर्ज, एक वर्ग: ४,५०० रुपये

एकूण ६,६२३ रुपये. ट्रेडमार्क वर्षभराने करायचा ठरवला, तर २,१२३. या यादीत सर्वांत जास्त वेळ खाणाऱ्या तीन ओळींपुढे शून्य आहे. त्यांत घाई केली, तर बाकीच्या ओळींतले पैसे चुकीच्या नावावर जातात, आणि तेही दरसाल.