घराची अदृश्य वेस

पूर्वीच्या काळी गावाला वेस असे. दिवस मावळला, की वेशीचे दरवाजे लावून घेत आणि पहारेकरी येणाऱ्याजाणाऱ्याची विचारपूस करीत. सोलापूरचा भुईकोट किल्ला पाहा. त्याला दुहेरी तट आहे, एका अंगास सिद्धेश्वर तलावाचे पाणी आहे, आणि आत शिरणाऱ्यास एकामागून एक दरवाजे ओलांडावे लागतात. तट कितीही भक्कम असला, तरी दरवाजा उघडा राहिल्यास त्याचा काय उपयोग?

मुलांनो, आज आपल्या घरांनाही अशीच एक वेस असते. मात्र ती दगडाची नसते. दूरदर्शन संचाजवळ वहीएवढी एक पेटी ठेवलेली तुम्ही पाहिली असेल. तिच्यावर चारपाच दिवे लुकलुकत असतात. केबलमधून येणारे इंटरनेट ह्याच पेटीतून घरभर पसरते. तिला इंग्रजीत ‘गेटवे’, म्हणजे प्रवेशद्वार, असे म्हणतात. तेव्हा तिला घराची वेस म्हटले, तर ते यथार्थच होईल.

ही पेटी दोन कामे करते. रस्त्यावरून घरात आलेल्या केबलच्या गाभ्यात धातूची तार असते. तिच्याभोवती विद्युत्‌रोधक आवरण, त्यावर धातूची जाळी आणि सर्वांत बाहेर काळे वेष्टन असते. जाळीमुळे बाहेरच्या लहरींचा उपद्रव आतल्या तारेस होत नाही. ह्याच तारेतून दूरदर्शनची चित्रे येतात आणि इंटरनेटचे संदेशही येतात. पण दोहोंच्या लहरी निरनिराळ्या असल्यामुळे त्यांची सरमिसळ होत नाही. पेटीतील ‘मोडेम’ नावाचा भाग ह्या लहरींचे संगणकास समजणाऱ्या अंकांत रूपांतर करतो. हे झाले पहिले काम.

दुसरे काम ‘राउटर’ नावाच्या भागाचे. जुन्या वाड्यात दहा बिऱ्हाडे असली, तरी वाड्याचा पत्ता एकच असे. टपालवाला सारी पत्रे दाराशी देई आणि तेथून ज्याचे पत्र त्याच्या हाती पडे. त्याचप्रमाणे बाहेरच्या जगास आपल्या घराचा एकच पत्ता दिसतो. आतील प्रत्येक फोनला व संगणकाला राउटर निराळा क्रमांक देतो आणि आलेला संदेश बिनचूक त्याच्याकडे पोहोचवितो. काही घरांत केबलऐवजी काचेचा बारीक तंतू येतो. त्याचे मोडेम वेगळे असते, परंतु पुढील व्यवस्था हीच.

हे संदेश तारेवाचून कसे जातात? १८९५ साली आचार्य जगदीशचंद्र बोस ह्यांनी कलकत्त्यास अदृश्य विद्युत्‌लहरी भिंतींपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखविली होती. आपली पेटीही तशाच जातीच्या लहरी सोडते. त्यांचे मुख्यत्वे दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारची लहर सेकंदास सुमारे २४० कोटी वेळा कंप पावते. ती दूरवर पोहोचते, पण तिच्यातून संदेश सावकाश जातात. दुसरी सुमारे ५०० कोटी वेळा कंप पावते. तिच्यातून संदेश वेगाने जातात. परंतु जाड भिंत आडवी आली, की ती लवकर क्षीण होते.

लहरींचा हा स्वभाव जाणूनच पेटीची जागा ठरवावी. घराच्या मध्यभागी, फळीवर, उघड्या हवेत ती ठेवावी. लोखंडी कपाट व पाण्याची टाकी ह्यांच्या आड ती ठेवू नये. धातू लहरींना परतवितो आणि पाणी त्यांना शोषून घेते. सोलापुरात वैशाखात पारा चाळीस अंशांच्या वर चढतो. अशा वेळी पेटीची झरोके असलेली बाजू कापडाने झाकणे म्हणजे तिचा श्वास कोंडणेच होय.

आता मांडणीचा क्रम पाहू. हे काम घरातील वडीलधाऱ्यांच्या सोबतीनेच करावे. प्रथम केबलचे टोक पेटीवरील आट्यांवर हाताने फिरवून घट्ट बसवावे, आणि मग विजेचे बटण दाबावे. दिवे स्थिर होईपर्यंत काही मिनिटे धीर धरावा. नव्या पेटीच्या तळाशी छापलेला ओळखक्रमांक केबल कंपनीस कळवावा लागतो. त्यावाचून कंपनी तिला ओळखत नाही. मग संगणक तारेने पेटीस जोडावा आणि तळाशी दिलेला पत्ता ब्राउझरमध्ये लिहावा. तो बहुधा १९२.१६८.०.१ ह्यासारखा असतो. पेटीवरील नाव व पासवर्ड दिला, की तिच्या व्यवस्थेचे पान उघडते.

पुष्कळांना वाटते, की इंटरनेट सुरू झाले म्हणजे काम संपले. परंतु खरे काम येथेच आरंभते. पहिली गोष्ट अशी, की कारखान्यातून आलेला व्यवस्थेचा पासवर्ड ताबडतोब बदलावा. कित्येक पेट्यांना कारखान्यातून एकच पासवर्ड मिळतो आणि तो साऱ्या जगास ठाऊक असतो. दुसरी गोष्ट वायरलेस जाळ्याच्या नावाची. त्यात आपले आडनाव किंवा घरक्रमांक घालू नये. तिसरी गोष्ट कुलपाची. ‘डब्ल्यूपीए-३’, आणि ते नसल्यास ‘डब्ल्यूपीए-२’, हा पर्याय निवडावा. त्याचा पासवर्ड निदान बारा अक्षरांचा असावा आणि तो व्यवस्थेच्या पासवर्डाहून निराळा असावा. परस्परांशी संबंध नसलेले चार शब्द जोडले, तर तो आपल्या लक्षात राहतो आणि परक्यास मात्र ओळखता येत नाही. जन्मतारीख किंवा फोनचा क्रमांक कधीही घालू नये. चौथी गोष्ट, पाहुण्यांसाठी वेगळे जाळे ठेवण्याची सोय असल्यास तिचा उपयोग करावा. पाचवी गोष्ट, पेटीची आज्ञावली वेळोवेळी अद्ययावत करावी. तिच्यातील उणिवा त्यामुळे दूर होतात.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. त्याला हे उत्तर आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बाँबस्फोट होऊन अनेक निरपराध माणसे प्राणांस मुकली. स्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल आला होता. तपासाअंती कळले, की तो नवी मुंबईतील सानपाडा येथील एका घराच्या वायरलेस जाळ्यातून पाठविलेला होता. त्या जाळ्यास कुलूप नव्हते. परक्या माणसांनी त्याचा गैरफायदा घेतला होता. त्या घरात राहणाऱ्या माणसाचा त्या कृत्याशी काही संबंध नव्हता, तरीही त्याला चौकशीस तोंड द्यावे लागले.

पुढे २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक आज्ञावलीने जगभरातील असंख्य कॅमेरे व राउटर आपल्या कह्यात घेतले. त्यासाठी तिने केले तरी काय? कारखान्यातून येणारी साठएक परिचित नावे व पासवर्ड तिने एकामागून एक लावून पाहिले. ज्यांनी पासवर्ड बदलले नव्हते, त्यांची यंत्रे तिच्या हाती गेली. ह्या यंत्रांनी एकाच वेळी मारा केल्यामुळे २१ ऑक्टोबर रोजी अमेरिकेतील अनेक मोठी संकेतस्थळे काही तास ठप्प झाली. आपले यंत्र दुसऱ्यावर हल्ला करीत आहे, ह्याची बहुतेक मालकांना दादही नव्हती.

ह्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. आपल्या घराची वेस उघडी राहिली, तर तोटा केवळ आपलाच होतो असे नाही. आपल्या दारातून शिरलेला चोर शेजाऱ्याच्याही घरात जाऊ शकतो. पूर्वी वेशीवर पहारेकरी जागत असे आणि त्याच्या भरवशावर सारा गाव निश्चिंत झोपे. घरातील ह्या लहानशा पेटीपाशी तो पहारा आपणच द्यावयाचा आहे.

स्वाध्याय

१. लेखकाने गेटवेला ‘वेस’ का म्हटले आहे?
२. मोडेम व राउटर ह्यांच्या कामांतील फरक सांगा.
३. पेटी लोखंडी कपाटाआड का ठेवू नये?
४. सानपाडा येथील घटनेवरून कोणता बोध घ्यावा, ते आठदहा ओळींत लिहा.
५. ‘श्वास कोंडणे’, ‘कह्यात घेणे’ व ‘दाद नसणे’ ह्या वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.