विश्वाचा आरंभ, डॉ. नारळीकरांचा सिद्धान्त आणि आपली श्रद्धा



रसायनी आणि पाताळगंगेच्या पट्ट्यात ज्या घरांतील माणसे वर्षानुवर्षे कारखान्यात राबली, त्यांना ताळेबंद म्हणजे केवळ पैशांचा हिशेब नव्हे हे सांगावे लागत नाही. संचात जितका माल गेला तितकाच, रूप बदलून का होईना, बाहेर आला पाहिजे; वजन जुळले नाही तर गळती शोधावी लागते. येथील हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्सच्या कारखान्यात बनलेले नायट्रोजन टेट्रॉक्साइड इस्रोच्या अग्निबाणांसाठी वापरले गेले. परंतु त्यातील नायट्रोजन आणि ऑक्सिजन कारखान्याने घडवले नव्हते, केवळ एकमेकांशी जोडले होते. मग हे द्रव्य मुळात आले कोठून?

आज शाळा-महाविद्यालयांत याचे जे उत्तर शिकवतात ते महास्फोटाचे. सुमारे १३.८ अब्ज वर्षांपूर्वी विश्व अतिशय दाट आणि तप्त अवस्थेत होते. तेव्हापासून ते प्रसरण पावत आहे. आपल्यापैकी अनेकांना हे उत्तर फार प्रिय आहे. सूरह अंबियाच्या ३०व्या आयतीत आकाश व पृथ्वी आधी जोडलेली होती, मग ती विलग करण्यात आली असा उल्लेख आहे. त्या आयतीवरून विज्ञानाने कुरआनवर शिक्कामोर्तब केले, असे संदेश मोबाइलवरून घरोघरी फिरत असतात.

अशा घरातील मुलगा किंवा मुलगी एके दिवशी डॉ. जयंत नारळीकरांचे पुस्तक वाचते आणि विचारते, "अब्बा, या एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाला तर महास्फोट मान्य नव्हता. मग आयतीचे काय?" या प्रश्नाला रागावून उत्तर देता येत नाही. त्याला तयारी लागते.

डॉ. नारळीकर १९३८ साली कोल्हापुरात जन्मले, बनारसला वाढले आणि केंब्रिजला फ्रेड हॉइल यांचे विद्यार्थी झाले. पुण्याच्या आयुका संस्थेचे ते संस्थापक-संचालक. २० मे २०२५ रोजी पुण्यातच त्यांचे निधन झाले. मराठीतून विज्ञान सांगण्याचे त्यांचे ऋण आपल्यावरही आहे. हॉइल, बाँडी आणि गोल्ड यांनी १९४८ मध्ये स्थिर स्थितीचा सिद्धान्त मांडला होता. त्यानुसार विश्व प्रसरण पावते हे खरे, पण त्याला आरंभ नाही. दीर्घिका दूर जातात तसतशी रिकाम्या होणाऱ्या जागेत नवे द्रव्य निर्माण होते. हे प्रमाण इतके अल्प की एका घनमीटरमध्ये एखादा हायड्रोजन अणू निर्माण होण्यास अब्जावधी वर्षे लागावीत.

येथे आपल्या कारखान्यातला माणूस लगेच हरकत घेईल: ताळेबंद जुळत नाही! नेमकी हीच हरकत हॉइल-नारळीकरांच्या गणिताने सोडवली. त्यांनी 'सी-फील्ड' नावाचे क्षेत्र कल्पिले, ज्याची ऊर्जा ऋण असते. द्रव्य जमेला पडले की क्षेत्राच्या ऋण ऊर्जेची नोंद समोर पडते आणि बेरीज बिघडत नाही. कल्पना चतुर होती यात शंका नाही.

पुढे १९६५ मध्ये पेन्झियास आणि विल्सन यांना आकाशाच्या सर्व दिशांनी येणारे मंद सूक्ष्मलहरींचे प्रारण सापडल्याचे जाहीर झाले. बहुसंख्य शास्त्रज्ञांनी ती महास्फोटाची उरलेली ऊब मानली आणि स्थिर स्थिती मागे पडली. नारळीकर मागे हटले नाहीत. हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी १९९३ मध्ये सुधारित सिद्धान्त मांडला: विश्व अनादी आहे, ते अब्जावधी वर्षांच्या आवर्तनांत फुगते व आकसते, द्रव्य लहान लहान स्फोटांतून जन्मते, आणि ते प्रारण म्हणजे ताऱ्यांचाच प्रकाश, जो अवकाशातील लोहाच्या सूक्ष्म तंतूंनी शोषून पुन्हा बाहेर टाकला. हे बहुतेकांना पटले नाही. प्रारणाची बारकाईने झालेली मोजमापे आज महास्फोटाच्याच बाजूने आहेत. तथापि कार्बन, ऑक्सिजन, लोह ही मूलद्रव्ये ताऱ्यांच्या भट्टीत घडतात, हे हॉइल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ मध्ये दाखवले आणि ते आज सर्वमान्य आहे. एखाद्याचा एक सिद्धान्त नाकारला गेला म्हणून त्याचे सारे ज्ञान टाकाऊ ठरत नाही.

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. महास्फोटाच्या कल्पनेचे एक जनक जॉर्ज लमेत्र हे स्वतः ख्रिस्ती धर्मगुरू होते. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी या संशोधनात निर्मात्याच्या कृतीची साक्ष पाहिली, तेव्हा लमेत्र यांनाच ते रुचले नाही. सिद्धान्त उद्या बदलला तर श्रद्धेचे काय, हे त्यांना समजत होते. आपल्यातील उत्साही वक्त्यांना हे कधी समजणार?

सूरह कहफच्या ५१व्या आयतीत इब्लिस आणि त्याच्या संततीविषयी सांगितले आहे की, आकाश व पृथ्वीच्या निर्मितीच्या वेळी अल्लाहने त्यांना साक्षीस ठेवले नव्हते. साक्षीस तर आपणही नव्हतो. शास्त्रज्ञ मागे राहिलेल्या खुणांवरून अनुमान करतो. ते त्याचे काम आहे, आणि सूरह आले इम्रानमध्ये (१९०-१९१) सृष्टीवर चिंतन करणाऱ्यांची प्रशंसाच आहे. परंतु अनुमानाला वह्यीचा आधारस्तंभ करू नये. विश्व अल्लाहने अस्तित्वात आणले, हे आपण वह्यीच्या आधारे मानतो, दुर्बिणीच्या आधारे नव्हे. महास्फोटाची थिअरी नव्हती तेव्हाही मुसलमान हे मानतच होते.

अनादी विश्वाची कल्पना आपल्या विद्वानांना नवी नाही. इब्न सीना यांनी विश्व अनादी पण अल्लाहवर अवलंबून मानले. इमाम ग़ज़ाली (रह.) यांनी त्याचे कठोर खंडन केले आणि इब्न रुश्द यांनी ग़ज़ालींना उत्तर दिले. बहुसंख्य उलमा ग़ज़ालींच्या बाजूचे आहेत आणि प्रस्तुत लेखकही. परंतु एका मुद्द्यावर उभय पक्षांत मतभेद नव्हता: विश्व स्वतःच्या बळावर उभे नाही. सूरह फातिरच्या ४१व्या आयतीनुसार आकाश व पृथ्वी ढळू नयेत म्हणून अल्लाहच त्यांना धरून आहे. म्हणजे खालिकची गरज केवळ पहिल्या क्षणापुरती नाही. एखादा अणू आज अवकाशात नव्याने प्रकटला तरी ज्या नियमाने तो प्रकटला तो नियम कोणाचा, हा प्रश्न उरतोच, आणि सी-फील्डचे समीकरण त्याचे उत्तर देत नाही. ते द्यावे अशी अपेक्षाही नाही.

मुलाने विचारले तर त्याला हे सारे सांगावे. नारळीकरांचे पुस्तक हातातून काढून घेऊ नये.

सहीह बुखारीत एक प्रसंग आहे. यमनचे काही लोक पैगंबर मुहम्मद (स.) यांच्याकडे आले आणि या सृष्टीच्या आरंभाविषयी विचारू लागले. प्रश्नाबद्दल त्यांना कोणी दटावले नाही. आरंभी केवळ अल्लाह होता, इतर काही नव्हते, त्याचे सिंहासन पाण्यावर होते, असे पैगंबरांनी (स.) सांगण्यास सुरुवात केली. ह. इम्रान बिन हुसैन (रजि.) ऐकत बसले होते. इतक्यात कोणीतरी येऊन सांगितले की त्यांची सांडणी सुटून पळाली. ते उठून तिच्या मागे गेले, तोवर ती मृगजळापलीकडे पोहोचली होती. नंतर ते म्हणत असत की ती सांडणी गेली असती तरी चालले असते, आपण त्या बैठकीतून उठायला नको होते.