भारूड नाचावे कसे, सांगावे कसे

सोयगाव आणि पैठण ही एकाच जिल्ह्यातली गावे. एक अजिंठ्याच्या डोंगरापाशी, दुसरे गोदाकाठी. नाथषष्ठीला पैठणची वाट धरणाऱ्या सोयगावकडील मंडळींना भारूड म्हणजे काय हे नव्याने सांगायला नको. पण नाथमहाराजांनी (इ. स. १५३३ ते १५९९) आपला उपदेश नाचात का घातला, याचा थोडा विचार आपण करू.

जो पोथीपाशी येत नाही, त्याच्याकडे पोथीनेच जावे, हे नाथांचे धोरण. वासुदेव, जोशी, गोंधळी, जोगवा मागणारी ही माणसे दारोदार येतच होती. नाथांनी त्यांचाच वेष, त्यांचाच ठेका घेतला आणि आत परमार्थ भरला. लोक जमतात ते पायांतल्या चाळांना. घरी न्यायचा तो अर्थ.

विंचवाचे भारूड घ्या. सोंगाडी कळवळून उड्या मारतो, पोरे हसतात. पण विंचू म्हणजे कामक्रोध, आणि तो डसला आहे सांगणाऱ्यालाच! दुसऱ्याकडे बोट नाही, म्हणून ऐकणाऱ्याला राग येत नाही. मात्र स्वतःचा डंख आठवतो. सोयगावशेजारच्या सिल्लोड तालुक्यातले, रहिमाबादचे भारूडकार निरंजन भाकरे (निधन २०२१) यांनी याच वाटेने व्यसनमुक्तीचा विषय लोकांपुढे नेला. चारचौघांत शरमवून कुणाची दारू सुटत नाही. तोल जाणारे पाऊल सोंगातून दाखवले, म्हणजे ज्याचे त्याला कळते.

आता धोका कुठे आहे तो पाहू. एका भारुडातली सून भवानीला साकडे घालते: सासूसासरे जाऊ दे, जावेला वैधव्य येऊ दे, नवराही नको, मला एकटीच राहू दे. हे सासर म्हणजे जिवाला जखडणारे विकार आणि आसक्ती. हा उलगडा गाळून नुसतेच मुरके मारले तर उरते काय? विधवेची थट्टा. आणि समोर एखादी विधवा माउली बसलेली असते! वाळवंटात पोळणारे अस्पृश्याचे लेकरू नाथांनी कडेवर घेतले, ही कथा आपण भक्तीने सांगतो. त्याच नाथांच्या नावावर कुणाच्या दुःखाचे हसे व्हावे, हे आम्हांस बरे वाटत नाही.

म्हणून सप्ताहात भारूड ठेवाल तेव्हा एवढे सांभाळा. कडव्याकडव्याला नाच थांबवून अर्थ सांगावा. टाळकऱ्यांतल्या एकाने भोळेपणाने प्रश्न विचारावेत. हसू ओढवून घ्यायचे ते स्वतःवर. असे झाले तर नाच हेच निरूपण होईल आणि नाथांची सेवाही घडेल.