आधी जमीन बघा, मग बाबागाडी

बाबागाडी घ्यायला गेलं की दुकानात आधी रंग दाखवतात, मग घडी किती लहान होते ते दाखवतात. चाकाबद्दल कुणी बोलत नाही. लहान मूल घेऊन मातीच्या, दगडांच्या वाटेवर जायची ज्यांना हौस आहे, त्यांना माझं सांगणं असं की आधी आपण कुठल्या जमिनीवर चालणार ते ठरवा, मग चाक बघा, बाकी सगळं नंतर.

आम्ही दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरात राहतो, आयएनए मार्केट आणि सरोजिनी नगर यांच्या मधल्या सरकारी वसाहतीत. लोदी गार्डन किंवा नेहरू पार्कात फिरायचं असेल तर कुठलीही गाडी चालते, वाटा पक्क्या आहेत. तिथवर पोचतानाच खरी परीक्षा होते. पदपथाच्या फरशा झाडांच्या मुळांनी उचललेल्या, कड वीतभर उंच, मध्येच लोखंडी खांब. आणि खरं रान हवं असेल तर मेहरौलीजवळचं संजय वन किंवा वसंत विहारजवळचं अरवली जैवविविधता उद्यान गाठावं लागतं. तिथे अरवलीचा टणक क्वार्ट्झाइट खडक जमिनीतून वर आलेला असतो, पावसाळ्यानंतर वाटांना चर पडलेले असतात. विलायती कीकर तर दिल्लीच्या या रानांत जागोजागी आहे. आपण तिला वेडी बाभूळ म्हणतो. तिचे काटे वाटेवर पडलेले असतात.

आमच्या गाडीच्या खोक्यावर ‘सर्व प्रकारच्या रस्त्यांसाठी’ असं ठळक छापलेलं होतं. पुढची चाकं तळहाताएवढी, गरगर फिरणारी. मुलगी तेव्हा दहा महिन्यांची होती. संजय वनात लाल कोटच्या जुन्या तटबंदीकडे जाताना पुढचं एक चाक दोन दगडांमध्ये आडवं अडकलं, गाडी जागीच थांबली, मागून ढकलणाऱ्या नवऱ्याचा भार गाडीवर आला आणि ती पुढच्या बाजूला उलटली. दोन्ही खांदे, कमरेच्या दोन बाजू आणि पायांमधून येणारा असा पाच ठिकाणी धरणारा पट्टा बांधलेला होता, म्हणून मुलगी गाडीतच राहिली. हाताला थोडं खरचटलं, तेवढंच. पट्टा नुसता कमरेचा असता तर तिचं डोकं त्या दगडावर आपटलं असतं. हे वाक्य लिहितानाही माझ्या पोटात गोळा येतो. म्हणून सांगते, दोन पावलं जायचं असलं तरी पाचही ठिकाणी पट्टा लावा, आणि ज्या गाडीला फक्त कमरेचा पट्टा आहे ती घेऊच नका.

लहान चाक खाचेत उतरतं आणि तिथेच राहतं. मोठं चाक खाच ओलांडून जातं. लहान चाकांची, छत्रीसारखी मिटणारी हलकी गाडी ओवेन मॅक्लारेन या ब्रिटिश विमान अभियंत्याने १९६५ साली तयार केली. स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या रचनेवर काम केलेला हा माणूस; प्रवासात उचलून न्यायला सोपी गाडी त्याला हवी होती. त्या कामासाठी ती आजही उत्तम आहे, मेट्रोने जायचं तर मी तीच नेईन. दगडांच्या वाटेसाठी ती नव्हेच. तिथे मागची चाकं निदान बारा इंचांची हवीत, आणि पुढचं चाक सरळ रेषेत पक्कं करायची कळ हवी. ती कळ लावली की चाक आडवं होत नाही. वळताना पुढचा भाग थोडा उचलावा लागतो, पण ते परवडलं. हवेचे टायर धक्के छान पचवतात, मात्र वेड्या बाभळीचा काटा त्यांना सोडत नाही. पंप आणि ठिगळाचं सामान जवळ ठेवा, नाहीतर फोम भरलेली चाकं घ्या. उतारावर हँडलचा पट्टा मनगटात अडकवा. हँडलला भाजीची पिशवी टांगू नका, चढावर गाडी मागे उलटते. त्या पिशवीत केळी असतील तर रानातली माकडं तुमच्याआधी गाडीपाशी येतात, हे दिल्लीकरांना सांगायला नको.

आणखी एक अडचण घरातली. मोठ्या चाकांची गाडी बारा-चौदा किलोंची असते. जुन्या सरकारी क्वार्टरला लिफ्ट नाही. दुसऱ्या मजल्यावर राहत असाल तर गाडी कडेला धरून जिना चढून बघा, मग पैसे द्या.

पण गाडी कितीही चांगली असो, सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला तीत बसवून खडबडीत वाटेवर नेऊ नये. मान अजून धरलेली नसते किंवा नुकती धरलेली असते, आणि प्रत्येक धक्का तिच्यावर येतो. धावताना ढकलायच्या गाड्यांचे उत्पादकही सहा ते आठ महिन्यांची अट घालतात. त्या वयात बाळ अंगाशीच बरं. आपल्याकडे शेतावर जाणाऱ्या बायका पिढ्यान्पिढ्या झोळीत, पदरात मूल बांधून चालत आल्या. आमच्या वसाहतीला जिचं नाव आहे त्या राणीचे पुतळेही बहुधा पाठीशी मूल बांधलेलेच असतात. आजचे कापडी कॅरिअर तेच काम करतात. बांधल्यावर चार गोष्टी तपासा: बाळाचा चेहरा उघडा आणि दिसता हवा, हनुवटी छातीला टेकलेली नको, पाठीला आधार हवा, आणि गुडघे ढुंगणापेक्षा थोडे वर हवेत, म्हणजे खुब्यांवर ताण येत नाही. नाक कापडात किंवा आपल्या छातीत दबलेलं असेल तर श्वास अडतो आणि बाळ रडतही नाही. तेव्हा चालता चालता सारखं खाली बघायचं.

मूल आधाराशिवाय नीट बसायला लागलं की चौकटीचं पाठीवरचं कॅरिअर घेता येतं. दगडांच्या वाटेसाठी माझं मत याच्या बाजूने आहे. बहुतेक चांगल्या कॅरिअरांची मर्यादा मूल, सामान आणि काहींच्या बाबतीत कॅरिअरचं स्वतःचं वजनही धरून बावीस किलोंच्या आसपास असते. पाण्याच्या बाटल्या भरताना हे विसरायला होतं. भार खांद्यांवर नाही, कमरेच्या पट्ट्यावर आला पाहिजे. वाकायचं तर गुडघ्यात वाका, कमरेत वाकलात की मूल डोक्यावरून पुढे झुकतं. मूल तुमच्यापेक्षा उंच बसलेलं असतं, म्हणून जी फांदी तुमच्या डोक्यावरून जाते तीच त्याच्या डोळ्यांसमोर येते. कॅरिअर खाली ठेवताना त्याच्या टेकूवर विसंबून मुलाला एकटं सोडू नका, दगडावर टेकू घसरतो.

दिवाळीत सासरी गेलो की माथेरानला जाणं होतं. तिथे मोटारींना बंदी, पॉइंटांकडे जाणाऱ्या वाटांवर जांभ्याची लाल माती आणि सुटे दगड. बाबागाड्या घेऊन आलेले कितीतरी आईबाप शेवटी एका हातात मूल आणि दुसऱ्या हातात गाडी धरून परत फिरताना दिसतात. पाठीवर घेऊन गेलं तर शार्लट तलावापर्यंत आरामात जाता येतं.

दिल्लीची हवाही लक्षात घ्यावी लागते. जानेवारीत चालणाऱ्याला घाम फुटतो तेव्हा पाठीवर निश्चल बसलेलं मूल गारठलेलं असतं, लटकणारे पाय आधी. पायमोजे काढून बोटं हाताने चाचपून बघा. उन्हाळ्यात ऊन लागू नये म्हणून बाबागाडीवर दुपट्टा टाकतात, ते मात्र करू नका; आत हवा कोंडते आणि थोड्याच वेळात गाडी तापते. आणि रिंग रोडसारखा रस्ता ओलांडायचा तर मुलाला वर घ्या. इंग्लंडच्या सरे विद्यापीठातल्या प्रशांत कुमार यांच्या गटाने २०१८ साली दाखवून दिलं की बाबागाडीतलं मूल मोठ्यांपेक्षा साठ टक्क्यांपर्यंत जास्त प्रदूषित हवेला सामोरं जातं, कारण ते धुराच्या नळकांड्यांच्या उंचीवर असतं.

आमच्यासारख्या वसाहतीत बदली झाली की बाबागाडी एका घरातून दुसऱ्या घरात जाते. चांगलीच गोष्ट आहे, जरूर घ्या. फक्त घेताना गाडी उघडून-मिटवून बिजागऱ्या बघा. २००९ साली अमेरिकेत बिजागरीत मुलांच्या बोटांची टोकं तुटल्यामुळे मॅक्लारेनच्या सुमारे दहा लाख गाड्यांसाठी बिजागरी झाकणारी कव्हरं द्यावी लागली होती. ब्रेक लावून उतारावर ढकलून पाहा, पट्ट्याची कळ दहादा लावून-सोडून पाहा. कळ एकदाही आपोआप सुटली, तर गाडी फुकट मिळत असली तरी घेऊ नका.