इंग्रजी अभ्यासवर्ग : सुविचार पाठ नको, चर्चा करूया



बडोद्यात आपण घरात मराठी बोलतो, भाजी घेताना गुजराती. इंग्रजीची वेळ आली की मात्र मुलांना पुढे करतो. शब्द माहीत असतात, पण आपलं मत मांडायचं म्हटलं की जीभ अडखळते. म्हणून या आठवड्यात बेंजामिन फ्रँकलिन (१७०६–१७९०) यांच्या विचारांवर इंग्रजीत चर्चा करूया.

साबण-मेणबत्त्या करणाऱ्याचा हा मुलगा दहाव्या वर्षीच शाळेतून निघाला आणि पुढे छापखान्यात लागला. चांगली इंग्रजी तो स्वतःच शिकला. आवडलेल्या लेखातल्या प्रत्येक वाक्याचा आशय तो थोडक्यात टिपून ठेवी. काही दिवसांनी तोच लेख स्वतःच्या शब्दांत लिही, मग मूळ लेखाशी ताडून चुका दुरुस्त करी. पाठांतरापेक्षा ही रीत आपल्याला सोयीची.

फ्रँकलिन यांनी अंगी बाणवण्यासाठी बारा सद्गुणांची यादी केली होती. तुमच्यात गर्व आहे, असं एका मित्राने सांगितल्यावर त्यांनी तेरावा गुण जोडला, नम्रता. मग ‘सर्टनली’, ‘अनडाउटेडली’ असे ठाम शब्द त्यांनी बोलण्यातून काढले आणि ‘मला असं वाटतं’ अशा धर्तीवर बोलू लागले. आपल्यालाही तसंच बोलायचंय. नम्रपणे मांडलेलं मत चुकलं तरी संकोच वाटत नाही.

आता विषय. वेळ म्हणजे पैसा, हा विचार फ्रँकलिन यांनी १७४८ मध्ये एका तरुण व्यापाऱ्याला दिलेल्या सल्ल्यात मांडला. दुकानदाराला तो पटेल. पण आजारी सासूबाईंपाशी बसलेला तास कोणत्या हिशोबात धरायचा? आपल्या दिवसाचे कितीतरी तास असेच जातात आणि त्यांची कुठे नोंद नसते. यावर प्रत्येकीला काहीतरी म्हणायचं असेलच.

सुरुवातीला ही वाक्यं वापरा :

• आय थिंक टाइम इज मोअर दॅन मनी.
• इट सीम्स टू मी दॅट केअर ऑल्सो नीड्स टाइम.
• यू मे बी राइट, बट आय सी इट डिफरंटली.

तिसरं वाक्य विशेष कामाचं. समोरच्याचा मान राखून आपलं म्हणणं त्यातून सांगता येतं.

आज आपला विचार मराठीत दोन ओळींत टिपा. दोन दिवसांनी तो इंग्रजीत बोला आणि ग्रुपवर आवाजी संदेश पाठवा. व्याकरण आपण मिळून सुधारू, कोणी कोणाला हसणार नाही. विचार मात्र ज्याचा त्याने आणायचा.