कटदोऱ्याचें माप

आषाढी जवळ आली कीं एक प्रश्न आम्हांस दरसाल ऐकूं येतो. कीर्तन संपतें, बुक्का लावून माणसें उठूं लागतात, आणि एखादी माउली हळूच पुढें येऊन विचारते, "महाराज, देव चराचरांत आहे म्हणतां, मग मला कां दिसत नाहीं? सकाळीं चूल, दिवसा रान, रात्रीं पुन्हां चूल. दिसायचा तरी केव्हां?"

'बाई, श्रद्धा कमी पडते' असें सांगून तिला वाटेला लावणें सोपें आहे. पण तें उत्तर नव्हे. तिचा प्रश्न खरा आहे, आणि आपल्या संतमंडळींपुढेंही तोच प्रश्न होता. गोरोबा तेरचे कुंभार, सावतोबा अरणचे माळी, सेना महाराज न्हावी. यांतला कोणीही धंदा सोडून देव शोधायला निघालेला नाहीं. सावतोबांनीं तर मळाच पंढरी मानला. त्यांनीं शके १२१७ मध्यें अरणला देह ठेवला. आजही आषाढीनंतर पांडुरंगाची पालखी त्यांच्या भेटीला अरणला जाते. भक्तानें देवाकडे जावें ही रीत. येथें ती उलटी झाली, ती भाजीच्या वाफ्यापायीं!

पण आज आम्हांस जरा सविस्तर सांगायचें आहे तें नरहरी सोनारांविषयीं. महिपतींच्या भक्तविजयांत (शके १६८४) त्यांचें चरित्र आहे, आणि कीर्तनांत तर तें नेहमींचेंच. नरहरी राहत पंढरपुरांत, पण कट्टर शिवभक्त. विठोबाचें तोंड पाहायचें नाहीं असा त्यांचा पण. एका सावकाराचा नवस फळला आणि त्यानें देवाला सोन्याचा कटदोरा करायला सांगितला. नरहरी देवळांत जाईनात. माप दुसऱ्यानें आणून दिलें. कटदोरा झाला तो आंखूड. वाढवला, तर लांब. अखेर ते डोळ्यांवर पट्टी बांधून राउळांत गेले आणि हातांनीं चांचपूं लागले. हाताला लागलें काय? व्याघ्रांबर, गळ्यांतला सर्प, शंकराचीं चिन्हें. पट्टी काढली तर समोर विटेवर विठ्ठल. पुन्हां बांधली, पुन्हां शंकर. तेथें त्यांचा भेद गळला.

आतां बघा, हा साक्षात्कार झाला कशांत? ध्यानांत नव्हे, समाधींत नव्हे. गिऱ्हाइकाच्या कटदोऱ्याचें माप घेतांना. आणि माप दोनदां चुकलें तें कां? आम्हांला वाटतें, दुसऱ्यानें आणलेल्या मापावर दागिना होत नाहीं, हेंच कथा सांगते. 'देव सर्वत्र आहे' हें आपण ऐकलेलें असतें. तें परक्याचें माप झालें. हात लावून पाहिल्यावर तें आपलें होतें. (महिपतींनीं असा अर्थ काढलेला नाहीं. हें आमचें बोलणें.)

हात कसा लावायचा? गीतेच्या सातव्या अध्यायांत भगवान् आपली खूण सांगतात ती पाण्यांतल्या रसाची, पृथ्वीच्या गंधाची, अग्नीच्या तेजाची. नीट पाहा: खूण वस्तूची नव्हे, वस्तूच्या सत्त्वाची आहे. म्हणून तांब्याला हळद-कुंकू वाहून काम भागत नाहीं. पहिला घोट जिभेवर असतांना मन तेथें पाहिजे. पहिल्या पावसानें मातीचा वास सुटतो, तेव्हां कुळवावरचा माणूस क्षणभर थांबतोच. त्या थांबण्यांत नाम घातलें कीं झालें.

भागवताच्या एकादश स्कंधांत अवधूताचे चोवीस गुरु आहेत. नाथांनीं त्यावरची टीका शके १४९५ मध्यें काशींत पुरी केली. त्या गुरूंत पृथ्वी आहे, वायु आहे, समुद्र आहे, आणि घरीं पाहुणे आले म्हणून साळी कांडणारी एक कुमारीही आहे. तिच्या हातांतलीं कांकणें वाजतात. ती एकेक उतरवते. एकच उरतें, मग आवाज नाहीं. अवधूत त्यावरून एकांत शिकला. म्हणजे मुसळाशींही पाठ मिळतो, पाहणारा पाहिजे.

कोणी म्हणेल, जनाबाईला जातें होतें, ओवी होती. आतां जातें माळ्यावर पडलें, दळण गिरणींतून येतें. खरें आहे. जात्याबरोबर घरोघरच्या ओव्या गेल्या, ही हानि लहान नाहीं. आम्हांला तिचें वाईट वाटतें. पण नाम दगडाला चिकटलेलें नव्हतें, हाताच्या फेऱ्याला चिकटलेलें होतें. भाकरी थापतांना थापेगणिक नाम घ्या. गिरणीपुढें डबा ठेवून उभें राहावें लागतें, तेवढ्यांत हरिपाठ होतो.

येथवर सोपें आहे. अवघड पुढेंच आहे. कांद्यांत देव पाहायला खर्च येत नाहीं, कारण कांदा आपल्या पंगतीला बसत नाहीं. चोखोबा शके १२६० मध्यें मंगळवेढ्यास गांवकुसाच्या भिंतीखालीं गेले; नामदेवरायांनीं त्यांच्या अस्थि आणून महाद्वारासमोर समाधि दिली. त्यांच्या ज्ञातिबांधवांना मात्र राउळांत पाऊल टाकायला १९४७ साल उजाडावें लागलें, आणि त्यासाठीं साने गुरुजींना उपोषणाला बसावें लागलें. पायरीची धूळ कपाळीं लावणाऱ्या आम्हां वारकऱ्यांना त्या पायरीपाशीं उभा असलेला माणूस सहाशें वर्षें दिसला नाहीं. चराचर म्हणतांना आम्ही अचरच तेवढें पाहत होतों काय?

ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देतां आली असती. पण एका वर्षीं माउलींच्या पालखीबरोबर दिवे घाट चढून वर आलों, तेव्हां घसा अगदीं कोरडा पडला होता. रस्ता झाडणारा एक म्हातारा कडेला बसला होता. त्यानें आपल्या कॅनमधून पेला भरून पुढें केला. आमच्या गळ्यांत तुळशीची माळ, तोंडांत नाम. तरी हात क्षणभर थांबला. फार नाहीं, क्षणभरच. पण त्यानें तें पाहिलें. पेला त्यानें शेजारच्या दगडावर ठेवला, "घ्या माउली" म्हणाला, आणि झाडू उचलून चालूं लागला.

आम्ही प्यायलों. तोंवर तो दिंड्यांच्या गर्दींत दिसेनासा झाला होता. पेला आमच्याच हातांत राहिला.