पडक्या माळवदात पाऊल टाकण्याआधी

धाराशिवहून लोहारा-उमरग्याकडे दुचाकी काढली की वाटेतल्या गावांत एखादं तरी ओसाड माळवदाचं घर दिसतंच. काळ्या दगडाच्या भिंती, अर्धं निखळलेलं दार, छतावर माजलेलं गवत. थांबावंसं वाटतं. जरूर थांबा, पण आधी पारावर जा.

घर ओसाड असलं तरी बेवारस नसतं. वारस पुण्याला नाहीतर सोलापूरला असतात आणि ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये घराची नोंद असते. शेजारच्या जाणत्या माणसाला विचारा, “काका, आत जाऊन बघितलं तर चालेल का?” जुन्या वाड्या-गढ्यांत गुप्तधनासाठी रात्री खणणारे फिरतात, त्यामुळे अनोळखी माणसाकडे गाव संशयानं बघतं आणि ते बरोबरच आहे. दिवसाउजेडी जा. काकाच बरोबर आले तर सोन्याहून पिवळं.

माळवद म्हणजे लाकडी तुळया, त्यांवर कड्या, त्यांवर फळ्या किंवा किलच्या आणि सगळ्यांत वर मातीचा थर. उन्हाळ्यात घर गार राहावं, पावसात गळू नये म्हणून वर्षानुवर्षं मातीवर माती पडत गेली. काही घरांत हा थर दोन फुटांवर गेला. भिंत जाड दिसते, पण ती दोन पदरी असते: बाहेरून दगड, आतून दगड, मध्ये माती आणि गोटे. दोन्ही पदर बांधून ठेवणारे आरपार दगड बहुतेक ठिकाणी घातलेलेच नसतात. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी भूकंप झाला तेव्हा असे पदर फुटले आणि झोपलेल्या माणसांवर छत आलं. लातूर-धाराशिव मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. जाड भिंत म्हणजे भक्कम भिंत, ही समजूत सोडूनच आत जा.

म्हणून आधी बाहेरून एक फेरी मारा. भिंतीला पोट आलंय का? तुळईचं भिंतीत गेलेलं टोक वाळवीनं पोखरलंय का? छत मध्ये लवलंय का? यातलं एक जरी दिसलं तर बाहेरूनच बघून परत फिरा. माळवदावर तर कधीच चढू नका. परतीच्या पावसात माती पाणी पिऊन जड झालेली असते, तेव्हा दिवाळी उलटल्यावरच निघावं.

आतला खरा धोका पेवाचा. अंगणात किंवा माजघरात सपाट दगड दिसला तर त्याखाली धान्य साठवायचं पेव असू शकतं. दगडावर पाय देऊ नका, आत उतरू तर मुळीच नका. बंद पेवातली हवा जीवघेणी असते. उतरलेला माणूस हाक मारायच्या आत बेशुद्ध पडतो आणि त्याला काढायला गेलेलाही तिथंच राहतो. भिंतीतल्या बळदात हात घालू नका. नाग, घोणस, मण्यार यांना असा अंधार आवडतो. साप चावलाच तर कापणं नको, आवळून बांधणं नको. हालचाल न करता 108 ला फोन करा आणि सरकारी रुग्णालय गाठा.

एवढं सांभाळलंत की मग निवांत बघा. देवळीच्या माथ्यावर दिव्याच्या काजळीचा काळा ओघळ असतो. उंबरठा मधोमध खोलगट झालेला असतो, तिथं बोटं फिरवून बघा. कुणाच्या तरी आजीची, पणजीची ये-जा तिथं झिजून राहिलेली आहे. खुंटी असो की जात्याची तळी, काही उचलून आणू नका. जुनं कोरीव लाकूड जवळून बघायचं असेल तर तेरला जा. उत्तरेश्वर मंदिराची चौकट तिथल्या संग्रहालयात जपून ठेवली आहे.

आणि एक विनंती. सास्तूरच्या बाजूला भूकंपानंतर लोकांनी सोडलेली जुनी गावठाणं आहेत. तिथं रील काढायला, डबे सोडायला बसू नका. त्या ढिगाऱ्यांत ज्यांची माणसं गेली, ते नव्या गावठाणात आजही राहतात.